डोक्यावरची रेघ, पायाखालचे टिंब

(विहाराच्या वर्धापनदिनी युवक-युवतींच्या शिबिरात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे 'संगणक आणि पाली' असा विषय छापला आहे. तो वाचून मागच्या रांगेतून कोणी तरी म्हणाले, "गिरणीतला माणूस संगणकावर काय बोलणार?" ते आम्हाला ऐकू आले. विचारणाऱ्याचे काही चुकले नाही. १९८२ च्या संपानंतर ज्या थोड्या गिरण्या चालू राहिल्या, त्यातल्या एकीत आम्ही बदली कामगार म्हणून साचेखात्यात लागलो. शाळा आठवीला सुटली होती. पुढचे शिक्षण रात्रशाळेत आणि या विहाराच्या वाचनालयात झाले. संगणक तर आम्हाला पोरांनीच शिकवला. तेव्हा संगणक या एवढ्या मोठ्या विषयाला आम्ही हात घालत नाही. एकच बारीकशी गोष्ट घेतो. इंग्रजी अक्षरांत पाली लिहिताना अक्षरांच्या डोक्यावर रेघा आणि पायाखाली टिंबे येतात. ती काय आहेत, कशासाठी आहेत, आणि कीबोर्डावर तर ती कुठेच दिसत नाहीत, मग काढायची कशी?

हा विषय आत्ताच का काढला, तेही सांगतो. आपल्या समितीने वंदनेची पुस्तिका दोन लिप्यांत काढायचे ठरवले आहे. डाव्या पानावर देवनागरी, उजव्या पानावर रोमन. आपल्या वस्तीतली निम्मी पोरे इंग्रजी शाळेत जातात. त्यांना देवनागरी येते, पण जोडाक्षर आले की गाडी अडते. 'सिक्खापदं' वाचताना घाम फुटतो. काहींचे नातेवाईक परदेशी आहेत, त्यांच्या पोरांना तर देवनागरी येतच नाही. त्यांनी काय वंदना सोडून द्यायची? म्हणून रोमन पान. आणि रोमन पान काढायचे तर खुणा आल्याच. त्यातून सुटका नाही.

आता बघा, पालीला स्वतःची अशी एकच लिपी नाही. श्रीलंकेत ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात बर्मी लिपीत, थायलंडात थाई लिपीत, आपल्याकडे देवनागरीत. भाषा तीच, अंगावरचे कापड वेगळे. लंडनला १८८१ साली ऱ्हिस डेव्हिड्स यांनी पाली टेक्स्ट सोसायटी काढली आणि त्रिपिटकाचे ग्रंथ रोमन अक्षरांत छापायला घेतले. पण इंग्रजीची अक्षरे सव्वीस. त्यात ट आणि त दोन्हींना एकच 'टी'. ड आणि द यांना एकच 'डी'. आ आणि अ यांना एकच 'ए'. म्हणून विद्वानांनी तीच अक्षरे घेऊन त्यांना खुणा लावल्या. १८९४ साली जिनिव्हाला प्राच्यविद्येच्या पंडितांची परिषद भरली, तिथे या खुणांची पद्धत बरीचशी पक्की झाली. आज जगभर पाली आणि संस्कृत रोमनमध्ये लिहितात ते त्याच वळणावर.

आमचा अनुभव असा की या खुणांकडे बघून माणूस घाबरतो. पण खुणांची अक्षरे मोजली तर पालीत दहाच भरतात. 'ए', 'आय', 'यू' यांच्या डोक्यावर आडवी रेघ आली की आ, ई, ऊ. रेघ नसली की अ, इ, उ. 'टी', 'डी', 'एन', 'एल' यांच्या पायाखाली टिंब आले की ट, ड, ण, ळ. टिंब नसले की त, द, न, ल. ही झाली सात. 'एन'च्या डोक्यावर टिंब म्हणजे ङ. 'एन'च्या डोक्यावर नागमोडी रेघ म्हणजे ञ. आणि दहावे, 'एम'च्या पायाखाली टिंब. हा आपला अनुस्वार, पालीत त्याला निग्गहीत म्हणतात. 'बुद्धं', 'सरणं' यांच्या शेवटी येतो तो हाच. काही छापणारे हे टिंब 'एम'च्या पायाखाली न देता डोक्यावर देतात. दोन्ही चालते, मात्र एका पुस्तकात एकच चालवावे. श आणि ष पालीत नाहीतच, त्यामुळे तेवढी कटकट वाचली.

इंग्रजी शाळेतल्या पोरांसाठी एक सूचना. पालीच्या रोमनमध्ये 'सी' म्हणजे नेहमी च. 'क' वाचायचे नाही. परवा एका मुलाने पंचसीलाचे 'पँकासिला' केले. त्याचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

खुणा असलेली अक्षरे आपल्याला नवी आहेत काय? आपण तर जन्मापासून वेलांटी, अनुस्वार, रफार यांच्यातच वाढलो. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब. आम्ही तीस वर्षे गिरणीत सूत बघितले. त्या सुताचा दीर्घ ऊकार काढून ऱ्हस्व केला तर सुत, म्हणजे मुलगा. वेलांटी ही अक्षराची शोभा आहे असे आपण कधी म्हणत नाही. ती चुकली की मास्तर छडी मारायचा. मग इंग्रजी अक्षरावरची रेघ तेवढी शोभेची, ती गाळली तरी चालते, असे आपल्याला का वाटावे? इंग्रजीला स्वतःला अशा खुणा फारशा लागत नाहीत आणि आपण रोमन अक्षर म्हटले की इंग्रजीच समजतो, म्हणून तसे वाटते.

खूण गाळल्यावर काय होते ते ऐका. सील म्हणजे सदाचार, यातला 'आय' रेघेचा. सिला म्हणजे दगड, यात रेघ शेवटच्या 'ए'वर. दोन्हींच्या रेघा काढा. शब्द अगदी एकसारखे दिसायला लागतात. पंचसीलाचे पाच दगड झाले तरी वाचणाऱ्याला पत्ता नाही.

पहिल्या सीलात 'पाण' येतो. पाण म्हणजे प्राण, जिवंत प्राणी. त्यातल्या 'एन'खालचे टिंब गेले की राहते 'पान', आणि पालीत पान म्हणजे पिणे. रेघही गेली तर उरते 'पन', त्याचा अर्थ 'परंतु'. जीव गेला आणि 'परंतु' राहिला. इथे जरा थांबून एक सांगायचे आहे. आपल्या आया 'आनी', 'पानी' असे बोलतात म्हणून शाळेत, कचेरीत लोक आपल्याला हसले. आमच्या पिढीने ते हसणे पुष्कळ सोसले. तर पोरांनो, पालीत पाण्याला 'पानीय' म्हणतात, संस्कृतातही 'पानीय'च म्हणतात, न नळातला. तुमची आजी 'पानी' म्हणते तेव्हा ती जुन्या शब्दाच्या जास्त जवळ असते. हसणाऱ्याला हे सांगा. मात्र 'पाण' हा वेगळा शब्द आहे, तिथे ण लागतो. बोलण्यात कोणाचा न होवो की ण होवो, छापताना टिंब गेले तर अर्थ जातो.

आता सर्वात वाईट. माता म्हणजे आई, यात दोन्ही 'ए'वर रेघा. रेघा नसतील तर तो शब्द होतो 'मत', आणि पालीत मत म्हणजे मेलेला. मंगलसुत्तात आई-वडिलांची सेवा करण्यासाठी जो शब्द आहे, त्याच्या सुरुवातीलाच ही माता आहे. खुणा गाळून तो शब्द रोमनमध्ये छापा आणि एखाद्या पाली जाणणाऱ्याला वाचायला द्या, त्याचा चेहरा बघा.

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी आपल्या वस्तीतल्या एका घरी आजी वारली. पुण्यानुमोदनाचे कार्ड छापायचे होते. नातू इंग्रजी शाळेत शिकलेला, त्याला वाटले आजीच्या नावावर पालीतला 'माता' हा शब्द रोमनमध्ये, खुणांसकट घालावा. बाहेरगावची मंडळीही वाचतील. पोराने रात्र जागून सगळे बरोबर टाइप केले. कार्ड एका छापखान्यात दिले. तिथल्या माणसाने पडद्यावर बघितले, अक्षरांवर कसल्या तरी रेघा, अक्षरांखाली ठिपके. त्याला वाटले कचरा आला आहे. त्याने मेहनत घेऊन एकेक खूण पुसली आणि स्वच्छ कार्ड छापून दिले. आजीच्या नावावर 'मत' राहिले. कार्डे वाटली गेली. कोणालाच कळले नाही, कारण आपल्याकडे वाचणारेच नव्हते. भन्तेजींच्या लक्षात आले, ते त्या दिवशी काही बोलले नाहीत, नंतर आम्हाला बाजूला घेऊन सांगितले. त्या पोराला कळले तेव्हा त्याने उरलेली पन्नासएक कार्डे समोर घेतली आणि काळ्या पेनाने प्रत्येक कार्डावर दोन रेघा हाताने काढल्या. छापखान्यातला माणूसही वाईट नव्हता. त्याला वाटले आपण काम चोख करतो आहोत. खूण म्हणजे अक्षर, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. म्हणून आज आम्ही हे सांगत बसलो आहोत.

आता प्रश्न येतो की ही अक्षरे कीबोर्डावर का नाहीत. यासाठी टाइपरायटरपाशी जावे लागेल. टाइपरायटरवर एक बटण दाबले की अक्षराचा ठोका पडतो आणि कागदाची गाडी एक घर सरकते. फ्रेंच लोकांना खुणा लागतात. त्यांच्या यंत्रावर एक युक्ती केलेली असे. खुणेचे बटण दाबले की ठोका पडायचा, पण गाडी जागेवरच राहायची. मग अक्षराचे बटण दाबायचे, ते त्याच घरात खुणेखाली जाऊन बसायचे. या न सरकणाऱ्या बटणाला त्यांच्याकडे 'मेलेले बटण' म्हणत. साच्यावर धोटा मारला पण कापड पुढे सरकले नाही, तर दुसरा धागा पहिल्याच्या जागीच येईल, तसे. आपल्या मराठी टाइपरायटरवरही अशी न सरकणारी बटणे होती. ज्यांनी कोर्टाबाहेर अर्ज टाइप करून पोट भरले त्यांना हे आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. गंमत अशी की यंत्र गेले, गाडी गेली, पण संगणकाने ही पद्धत तशीच ठेवली. आजही खुणेचे बटण दाबले की पडद्यावर कधी कधी काहीच दिसत नाही. पोरे म्हणतात बटण बिघडले. बिघडलेले नसते. ते पुढच्या अक्षराची वाट बघत असते.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. प्रत्येक अक्षराला एक नंबर दिलेला असतो, गिरणीत प्रत्येक कामगाराला तिकीट नंबर असायचा तसा. १९६३ साली अमेरिकेत अक्षरांच्या नंबरांची पहिली मोठी यादी झाली, तिचे नाव आस्की. तिच्यात जागा १२८. इंग्रजी अक्षरे, आकडे, विरामचिन्हे आणि यंत्राला द्यायच्या काही सूचना, एवढ्यात यादी भरली. खुणांच्या अक्षराला तिकीटच नाही. पुढे १९८७ च्या सुमारास पश्चिम युरोपच्या भाषांसाठी यादी वाढवली. त्यात फ्रेंचांची, जर्मनांची, स्पॅनिशांची अक्षरे आली. आपल्या दहा अक्षरांपैकी किती आली असतील? एक. नागमोडी रेघेचा 'एन'. तो स्पॅनिश भाषेत लागतो म्हणून आला, आपल्या ञ ची सोय फुकट झाली. जुन्या काळात टाइप केलेले पालीचे कागद उघडले तर बाकी सगळी अक्षरे मोडलेली आणि फक्त ञ शाबूत, असे पुष्कळदा दिसते, त्याचे कारण हे. बाकीच्या नऊ अक्षरांसाठी ज्याने त्याने आपापला फॉन्ट बनवला आणि दुसऱ्याच्याच तिकिटावर आपला माणूस आत सोडला. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की सगळा गोंधळ. मराठीच्या जुन्या फॉन्टांचे हेच दुखणे, ते डी.टी.पी. करणाऱ्या मंडळींना विचारा.

१९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली. जगातल्या सगळ्या भाषांच्या अक्षरांना प्रत्येकी वेगळा नंबर. देवनागरीलाही त्यातच जागा मिळाली. आणि पायाखाली टिंब असलेला 'एम', पायाखाली टिंब असलेला 'टी', यांनाही पुढे त्या यादीत हक्काचे नंबर मिळाले. आज कोणताही बरा संगणक किंवा फोन हे नंबर ओळखतो. अक्षर यंत्रात आहे, फक्त बटणावर त्याचे चित्र नाही.

आता काढायचे कसे ते. विहाराच्या वाचनालयात जो संगणक आहे त्यावर विंडोज आणि वर्ड आहे. वर्डमध्ये अक्षराचा नंबर टाइप करायचा आणि आल्ट बटण धरून एक्स दाबायचा. नंबराच्या जागी अक्षर उभे राहते. रेघेच्या 'ए'चा नंबर ०१०१. रेघेच्या 'आय'चा ०१२बी, रेघेच्या 'यू'चा ०१६बी. नागमोडी 'एन' ००एफ१. टिंबाचा 'एम' १ई४३. यातले ई, बी, एफ म्हणजे इंग्रजी अक्षरेच, कारण ही मोजणी सोळाची आहे. नऊच्या पुढे दहासाठी 'ए', अकरासाठी 'बी', असे करत पंधरासाठी 'एफ'. सोन्याची तोळ्या-मासाची मोजणी आपली दहाची कुठे होती?

इथे एक खड्डा आहे आणि पालीवाल्यांनाच तो नेमका आडवा येतो. 'बुद्धं' लिहिताना टिंबाच्या 'एम'च्या आधी 'ए' असतो. त्या 'ए'ला चिकटूनच १ई४३ टाइप केले आणि आल्ट-एक्स दाबले, तर वर्ड तो 'ए'सुद्धा नंबराचाच भाग धरते, कारण 'ए' हाही या मोजणीत आकडा आहे. मग भलताच नंबर होतो आणि पडद्यावर रिकामा चौकोन येतो. उपाय सोपा. 'ए'नंतर एक जागा सोडा, मग नंबर टाइप करा, अक्षर आले की सोडलेली जागा पुसून टाका. 'धम्मं', 'सङ्घं', 'सरणं', सगळीकडे शेवटी हाच 'ए' आहे, तेव्हा ही सवय हाताला लावूनच घ्या.

एखादा शब्द लिहायला ही पद्धत ठीक. पूर्ण पान लिहायला बसलात तर जीव जाईल. तिथे दुसरा रस्ता. नेदरलँड्समध्ये फ्रान्स वेल्थुइस नावाच्या गृहस्थांनी देवनागरी छपाईसाठी एक पद्धत केली, पाली-संस्कृतवाले ती पुष्कळ वापरतात. रेघेचा स्वर हवा तर स्वर दोनदा लिहा, आ साठी 'ए' दोनदा. पायाखालचे टिंब हवे तर अक्षराच्या आधी पूर्णविराम द्या. ञ साठी 'एन'च्या आधी नागमोडी चिन्ह, ते कीबोर्डावर डाव्या कोपऱ्यात छापलेलेच आहे. सगळे पान असे साध्या बटणांनी झरझर टाइप करा आणि शेवटी वर्डमधल्या शोधा-बदला या सोयीने एकेक जोडी बदलत जा. दहा वेळा बदलले की पान तयार. वाक्याच्या सुरुवातीची मोठी अक्षरे वेगळी बदलावी लागतात. दोन गोष्टी सांभाळा. हे फक्त पालीच्या पानावर करा, त्याच फायलीत आपल्या माणसांची नावे असतील तर त्यातले दोन 'ए'सुद्धा बदलून जातील आणि देणगीदार भांडायला येतील. दुसरे, ङ साठी या पद्धतीत 'एन'च्या आधी दुहेरी अवतरणचिन्ह देतात, आणि वर्ड ते चिन्ह लगेच वाकडे करते.  ङ पुरता नंबरच टाका, १ई४५.

कोणाकडे मॅक संगणक असेल तर त्याचे काम फारच सोपे. त्यात 'एबीसी एक्स्टेंडेड' नावाचा कीबोर्ड निवडायचा. ऑप्शन धरून 'ए' दाबा, मग स्वर दाबा, रेघ आली. ऑप्शन आणि 'एक्स', मग अक्षर, खालचे टिंब आले. ऑप्शन आणि 'डब्ल्यू'ने वरचे टिंब, ऑप्शन आणि 'एन'ने नागमोडी. हीच ती मेलेली बटणे.

विंडोजवर रेघेच्या स्वरांसाठी आणखी एक वाट आहे, ती आम्हाला फार आवडली. न्यूझीलंडचे मूळ रहिवासी माओरी. त्यांच्या भाषेतही दीर्घ स्वरावर अशीच आडवी रेघ देतात. विंडोजमध्ये माओरी कीबोर्ड जोडता येतो. त्यात एक आकड्याच्या डावीकडचे बटण दाबून मग स्वर दाबला की रेघेचा स्वर येतो. त्यांच्या भाषेत 'केके' ऱ्हस्व म्हटले तर केक, खायचा, आणि दोन्ही स्वरांवर रेघ दिली तर काख. म्हणजे रेघ गाळल्याचा त्रास त्यांनाही आपल्यासारखाच. त्यांनी आपल्या भाषेसाठी आग्रह धरला, त्यांच्या कीबोर्डावर आपले आ, ई, ऊ निघतात.

फोनवर 'ए' दाबून धरला की वर अक्षरांची रांग उघडते, त्यात रेघेचा 'ए' बहुधा असतो. 'एन' दाबून धरला की नागमोडी 'एन' मिळतो. खालच्या टिंबाची अक्षरे मात्र साध्या इंग्रजी कीबोर्डात सहसा नसतात. फोनवर एक करता येते. ती अक्षरे एकदा स्वतःलाच निरोप म्हणून पाठवून ठेवा आणि लागतील तेव्हा तिथून उचलून चिकटवा. गावठी उपाय आहे, पण चालतो.

एक बारकावा आणखी. टिंबाचा 'एम' दोन प्रकारे तयार होतो. एक, अक्षर आणि टिंब मिळून एकच नंबर, तो आत्ता सांगितला. दोन, साधा 'एम' आणि त्यामागे नुसत्या टिंबाचा वेगळा नंबर. डोळ्याला दोन्ही अगदी एकसारखे. यंत्राला मात्र ते वेगळे वाटू शकतात. एकाने एका प्रकारे लिहिले आणि दुसऱ्याने दुसऱ्या प्रकारे शोधले, तर शब्द समोर असून काही ठिकाणी सापडत नाही. मराठीतही हे आहे. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले. त्याआधी लोक अ वर चंद्र चढवून काम भागवत, अजूनही भागवतात. पुस्तिकेसाठी आपण सगळ्यांनी एक नंबराचीच अक्षरे वापरायची, म्हणजे पुढे कोणाला शोधायचे झाले तर सापडेल.

फॉन्टचे थोडक्यात. नंबर बरोबर असला तरी त्या फॉन्टात अक्षराचा आकारच कोरलेला नसेल तर चौकोन येतो, किंवा संगणक दुसऱ्या फॉन्टातून एखादे अक्षर उसने आणतो आणि ते ओळीत परक्यासारखे उभे राहते. नोटो आणि जेंटियम हे फॉन्ट फुकट मिळतात आणि त्यात आपली दहाही अक्षरे आहेत. छापखान्यात पीडीएफ द्यायची, फॉन्ट तिच्या आत बसवून. आणि सोबत मराठीत मोठ्या अक्षरांत एक चिठ्ठी, 'अक्षरांवरील रेघा व टिंबे हा मजकूर आहे, पुसू नये.' ती चिठ्ठी आम्ही तयार करून ठेवली आहे.

डाव्या पानाची देवनागरी इनस्क्रिप्ट कीबोर्डाने टाइप करा, एवढेच सांगतो. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. अनुस्वार 'एक्स'वर. ण शिफ्ट आणि 'सी'वर, ळ शिफ्ट आणि 'एन'वर, ङ शिफ्ट आणि 'यू'वर. आठ दिवसांत हात बसतो.

काही ज्येष्ठ मंडळींनी आम्हाला विचारले, "रोमन कशाला? आपल्याला देवनागरी आहे की." त्यांच्या भावनेचा आम्ही मान राखतो, पण आम्हाला हे पटत नाही. गोव्याच्या साखवाळ गावचे धर्मानंद कोसंबी पाली शिकायला सिलोनला गेले. त्यांनी विसुद्धिमग्ग १९४० साली मुंबईत देवनागरीत काढला, आणि त्याच ग्रंथावर हार्वर्डला जाऊन केलेले काम त्यांच्या मागे १९५० साली रोमन लिपीत छापून निघाले. एका माणसाने दोन्ही पाने सांभाळली. बाबासाहेबांनी आयुष्याच्या धकाधकीत पालीचा शब्दकोश आणि व्याकरण तयार केले, ते महाराष्ट्र शासनाने १९९८ साली सोळाव्या खंडात छापले. तो खंड आपल्या वाचनालयात आहे. किती जणांनी हातात घेतला, ते आम्ही विचारत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण पेढे वाटले. चांगले केले. पण पेढे खाऊन झाल्यावर पाली टाइप कोण करणार, ते अजून ठरलेले नाही.

ते आज ठरवू या. दहा अक्षरे आणि त्यांचे नंबर एका पुठ्ठ्यावर लिहून संगणकाशेजारी टांगले आहेत. दर रविवारी सकाळी दहा ते बारा. दोघादोघांनी बसायचे. एक टाइप करणारा, तो तरुण असावा. दुसरी तपासणारी, तिला वंदना तोंडपाठ असावी, इंग्रजी आले नाही तरी चालेल. टाइप करणाऱ्याने कागदावरच्या खुणा बघून मोठ्याने वाचायचे, आणि जिथे तिच्या कानाला खटकेल तिथे थांबायचे. आपल्या आयांनी पुस्तक न बघता जे कानाने जपले, त्याच्याशी ताडून बघितल्याशिवाय एक पानही छापखान्यात जाणार नाही, असे समितीत ठरले आहे. पहिले दोन रविवार महिला मंडळाने मागून घेतले आहेत, पुरुष मंडळींनी तिसऱ्या रविवारपासून नावे द्यावीत. चष्मा असणाऱ्यांनी चष्मा आणावा, टिंबे फार बारीक आहेत.

जयभीम.